तारेचं वेटोळं आणि वरच्या सिस्टर

ती. आत्याला,

तिच्या भाच्याचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता, पण हाताला वॉर्निश आहे, आणि पायावर डाग पडलेला तुला चालत नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? डाव्याबद्दल विचारतोय. उजव्याबद्दल तू कधीच चांगलं बोलत नाहीस, त्यामुळे त्याची चौकशी करायची छाती होत नाही. डोळ्यांत थेंब घालतेस ना? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. ('खुशाल' हा शब्द पुढे जरा सैल धरावा.) फोन का नाही केला, म्हणशील. आत्या, फोनवर तू "कसे आहात?" विचारतेस आणि आम्ही "बरे आहोत" म्हणेपर्यंत "बरं, ठेवते" म्हणून ठेवतेससुद्धा. ही हकीकत लांबलचक आहे, आणि तुझ्यापुढे इतका वेळ सलग बोललेला माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मायचाय. म्हणून पत्र. काही काम नाही, मागणं नाही, नुसती खुशाली कळवतोय.

बाबांचे कान गेले हे तुला माहीत आहे. पण किती गेले ते माहीत नसेल, कारण तुझ्यासमोर ते सगळं ऐकू आल्यासारखी मान हलवतात. उभी हयात त्यांनी बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणून अख्ख्या गावाला लक्ष द्यायला लावलं, पण स्वतः कुणाचं ऐकून घ्यायची सवय कधी लावून घेतली नाही. त्यामुळे कान गेल्यावर त्यांचं फारसं अडलं नाही, अडलं आमचं. टीव्ही एवढा मोठा असायचा की शेजारी बातम्या आमच्याच टीव्हीवर ऐकायचे. तुझी भाचेसून विचारायची, "चहा घेता का?" बाबा म्हणायचे, "नको, आत्ताच आंघोळ केली." कानाचं मशीन आणलं, तर त्यातून पंखा, भांडी, रस्ता सगळं एकदम ऐकू यायचं आणि माणूस तेवढा ऐकू यायचा नाही. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. आई गेल्यापासून तसेही कमीच बोलायचे. समोरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकायची, मशीन खिशात ठेवायचं आणि दिवस ढकलायचा. आवाजावर जगलेला माणूस गप्प झाला की चालत्या घरालाही बंद पडलेल्या मोटारीची कळा येते, आत्या. हात लावला तर गार.

मशीन दुरुस्त करायला नेलं तेव्हा दुकानातल्या बाईंनी त्याच्यावरचं एक बारकं बटण दाखवलं. त्यावर 'टी' लिहिलेलं होतं. (बाबा समजत होते की ते चहाच्या वेळी दाबायचं.) बाई म्हणाल्या, मशीनच्या पोटात तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं. हे बटण दाबलं की मशीन हवेतला आवाज ऐकायचं सोडतं आणि फक्त चुंबकाचं ऐकतं. तुम्ही खोलीभोवती तार फिरवा, माइकवर बोललेलं तिच्यातून सोडा, यांना थेट कानात ऐकू येईल. आता मी जन्मभर जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळत आलेला माणूस. तार, वेटोळं आणि चुंबक हे तिन्ही शब्द एका दमात ऐकले की माझं जे होतं, ते इतरांचं मुलगा झाल्यावर होत असावं.

तुला नीट समजावून सांगतो. ("मला कळतं" म्हणू नकोस. पंख्याच्या वेळीही म्हणाली होतीस.) तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकाचा अंमल तयार होतो. त्या अंमलात दुसरं वेटोळं आलं, तर त्याच्यात आपसूक वीज उठते, दोघांचा कुठे स्पर्श नसतानाही. समज, तू आमच्या दारात उभी राहिलीस. बाबांना हाक मारली नाहीस, हात लावला नाहीस. तरी ते आतल्या खोलीत ताडकन उठतात आणि सदऱ्याची बटणं लावतात. तसंच हे. मात्र चुंबक नुसता शेजारी असून भागत नाही, त्याचा जोर बदलत राहावा लागतो. तू महिनाभर राहिलीस की दोन-चार दिवसांत बाबा पुन्हा बनियनवर येतात. खरी धावपळ होते ती तू येताना आणि तू निघताना. शिवाय या विजेचा स्वभाव उलटा. जो बदल होतोय त्याला ती विरोधच करते. तू येणार म्हटलं की बाबा म्हणतात, "आत्ता कशाला येतेय?" आणि निघालीस की म्हणतात, "इतक्यात कशाला निघालीस?" एवढाच नियम आहे, आणि कॉलेजात पोरं यावर नापास होतात. आवाजाची वीज ही मुळातच क्षणाक्षणाला कमीजास्त होणारी, म्हणून ती खोलीभोवतीच्या तारेतून बाबांच्या कानातल्या वेटोळ्यात बरोबर उतरते. झालं. संपलं शास्त्र.

मी भिंतींच्या पायथ्यालगत तार फिरवली. बाईंनी एक फेरा पुरे म्हणून बजावलं होतं, पण मोटारवाल्याला एका फेऱ्यावर थांब म्हणणं म्हणजे तुला एका सूचनेवर थांब म्हणण्यासारखं आहे. रीळ संपेपर्यंत फेरे घातले. जुन्या बाजारातून एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर आणला. बाबांनी 'टी' दाबलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "भुंगा! भुंगा शिरलाय!" तुझी भाचेसून आत विजेच्या मशीनवर पडदे शिवत होती, त्या मशीनची मोटार थेट सासऱ्याच्या कानात फिरत होती. ती थांबवली, तेव्हा बाबा म्हणाले, "आता कुणीतरी कण्हतंय." तो फ्रिज होता. विजेच्या लायनीला चिकटून गेलेली तार मी दूर सरकवली, तसं कण्हणं थांबलं. मग तुझ्या भाचेसुनेनं माइक तोंडाशी धरला आणि अगदी हळू, नेहमीच्या निम्म्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा घेता का?"

"अर्धा कप," बाबा म्हणाले. "साखर बेताची."

मग ती चहा करायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन पाहिलं, तर गॅस पेटवायचाच राहिला होता.

इथे मी पत्र संपवलं तर तू म्हणशील, भाचा शहाणा निघाला. म्हणून पुढचं सांगतो. माइक आणला होता आम्ही बोलावं म्हणून, पण बाबांच्या हातात माइक लागला आणि आमची पाळी कायमची संपली. किती वर्षांनी त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला! एकदा खाकरून बघितलं, खूश झाले. "हा कसला माइक, हा तर चमचा" म्हणत त्यांनी कपाटातून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेला तो मुसळासारखा जुना माइक काढला आणि जोडायला लावला. जोडला मात्र, त्यांच्या कानात अशी किंकाळी फुटली की ते खुर्चीसकट मागे सरकले. झालं होतं असं, की त्या जुन्या माइकच्या आतही चुंबक आणि वेटोळं. तो बाबांचं ऐकायचा तसं खोलीभोवतीच्या तारेचंही ऐकायचा, पुन्हा तिलाच सांगायचा, ती पुन्हा त्याला. (आपल्या घरच्या भांडणांसारखं, कुणी सुरू केलं ते कळायलाच मार्ग नाही.) माइक उभ्याचा आडवा धरला आणि किंकाळी थांबली. तेव्हापासून बाबा माइक आडवा धरून, जेवणं झाली की समोरच्या खोलीत बसून पेपर वाचतात. मोठ्यांदा, मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. मध्येच "गाढवा, आवाज वाढव" असं मला सांगतात. आणि शेवटी शब्दकोडं.

कोड्यापासूनच सगळा घोटाळा झाला. बाबांचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पण उत्तरं भलतीच. "आडवे शब्द. ज्याला तळ नाही असा. तीन अक्षरी." मग विचार करून, "बादली!" (फुटकी असेल, असंही स्वतःच म्हणाले.) आणि नेमकं त्याच वेळी छतावर धाड् धाड् धाड्. दुसऱ्या दिवशी तेच. कोडं सुरू झालं की वरून ठोकाठोक. बाबांना त्याचा पत्ताच नाही, कारण 'टी' दाबल्यावर त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नाही. एके दिवशी ते म्हणाले, "निमूटपणे सहन करणारा, तीन अक्षरी. नवरा!" आणि वरून असा दणका आला की पंख्याच्या दांड्यापासचा पोपडा उशिरा जेवायला बसलेल्या माझ्या ताटात पडला.

आमच्या डोक्यावर कोण राहतं ते सांगतो. एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मी तर त्यांचं नाव आजवर ऐकलेलं नाही. यजमान फार पूर्वीच गेले. मुलगा औषधं विकत गावोगाव हिंडतो, त्याला सगळे औषधवाला म्हणतात. आमचा त्यांचा संबंध म्हणजे जिन्यात हसण्यापुरता. तर तो पोपडा पडल्यावर तुझी भाचेसून पदर खोचून भांडायला वर गेली. मी खाली कान देऊन बसलो. आरडाओरडा काहीच नाही. थोड्या वेळात ती खाली आली ती अगदी प्रसन्न. म्हणाली, "बाई फार चांगल्या आहेत हो. मी तोंड उघडायच्या आत माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'सोशिक!' दोनदा म्हणाल्या. 'सोशिक, सोशिक!' इतकी वर्षं या घरात आहे, कुणाला दिसलं नाही ते त्या बाईंना दारातच दिसलं." आणि त्या दिवसापासून ठोकाठोकीबद्दल तिची काडीची तक्रार राहिली नाही.

पुढच्या आठवड्यात औषधवाला माझ्या दुकानात जळालेला मिक्सर घेऊन आला. मिक्सर ठेवला, पण हलेना. शेवटी इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो. आईचं काही खरं नाही. तिला आवाज ऐकू येतात."

"कसले आवाज?"

"पुरुषाचा. दुपारचा येतो म्हणे आणि कानात पेपर वाचतो. ही एकटीच हसते, एकटीच चिडते, काठीनं जमीन ठोकते. मानसोपचारवाल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

माझ्या हातातला पाना थांबला. "आणि काय म्हणतो हा पुरुष?"

"मध्येच कुणाला तरी गाढव म्हणतो."

आत्या, मी त्याला तिथेच सगळं सांगायला हवं होतं. पण मला इतकं हसू फुटलं की मी मिक्सरच्या भांड्यात तोंड घातलं, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं की मी त्याच्या दुःखानं गदगदलोय. त्यानं माझी पाठ थोपटली. मग मी शुद्धीवर येऊन कागदावर खोली काढली, तार काढली, वर त्यांचा मजला काढला. चुंबकाच्या अंमलाला छत-बित काही कळत नाही, तो सरळ आरपार जातो. त्यातून माझे ते रीळभर फेरे! सिस्टरांच्या कानातही तसंच मशीन. त्यांचं बोट चुकून 'टी'वर पडलं असणार आणि त्यांना बाबा मिळाले असणार. औषधवाल्यानं कागदावरच्या तारेवर बोट ठेवलं. म्हणाला, "पण आई तर हेच सांगत होती. पहिल्या दिवसापासून म्हणतेय की खालचे गृहस्थ माझ्या कानात बोलतात. तेवढ्यावरनंच आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली." म्हणजे बाई शहाणी, खरं बोलणारी, आणि खरं बोलली म्हणूनच वेडी ठरत होती.

आम्ही दोघं तसेच वर गेलो. सिस्टर खुर्चीत ताठ बसलेल्या, काठी हाताशी. मी दिलगिरी व्यक्त केली, आवाज कमी करतो म्हणालो, तर त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "खबरदार! तुम्ही बंद कराल म्हणूनच मी खाली सांगायला आले नाही. जन्मभर वॉर्डात लोकांचं कण्हणं ऐकलं. आता कुठे कुणीतरी मला बसून पेपर वाचून दाखवतंय. फक्त त्यांना सांगा, ते 'अथांग' होतं. बादली कसली!"

हे बाबांना सांगायलाच नको होतं. पण तुझ्या भाचेसुनेला राहवलं नाही, तिनं माइकवरून सगळं सांगितलं. ('सोशिक' हे कोड्याचं उत्तर होतं हे त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, आणि ती अर्धा दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू मीच ठोकत होतो.) बाबांचा पारा चढला. "इतके दिवस फुकट ऐकत होत्या? विनातिकीट?" माइक कपाटात गेला, मशीन खिशात गेलं, बाबा खिडकीशी गेले. पुन्हा तीच गार मोटार. वरूनही ठोकाठोक बंद. आत्या, दुपारी घरात इतकं शांत की मला दुकानात जाऊन झोप लागेना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिस्टर स्वतःच खाली आल्या. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मला माइक काढायला लावला आणि बाबांना खुणेनं 'टी' दाबायला लावलं. मग स्पष्ट म्हणाल्या, "तुमचे उच्चार फार सुंदर आहेत. उत्तरं चुकतात." बसस्थानकात इतकी वर्षं लोकांनी त्यांना गाडी का लागली नाही, एवढंच विचारलं होतं. उच्चारांबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी घसा साफ केला, पेपर उघडला आणि म्हणाले, "आडवे शब्द."

मग अर्थातच दुसरं वेटोळं आलं. सिस्टर म्हणाल्या, मला उत्तर द्यायची सोय हवी, काठीनं अक्षरं सांगता येत नाहीत. मी त्यांच्याही खोलीत तार फिरवली, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, वेगळा माइक. खालचं वर, वरचं खाली. दुपारी सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. आणि आमच्या घरात एक नवीनच दुखणं आलं. बाबांची बाजू आम्हाला ऐकू यायची, सिस्टरांची नाही! "छे हो, तसं काही नव्हतं." मग शांतता. मग बाबा खो खो हसणार. मग, "हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही." पुन्हा शांतता. तुझ्या भाचेसुनेचा जीव टांगणीला. शेवटी तिनं मला फर्मावलं, "एवढे मोटारवाले म्हणवता, तर काहीतरी करा." मी बोटाएवढी एक कॉइल गुंडाळली, टेपरेकॉर्डरच्या जुन्या सर्किटला जोडली आणि इअरफोन लावून दिला. (हे बरं नव्हे, मला माहीत आहे. मी फक्त गुंडाळली. ऐकलं तिनं.) ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून ऐकू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी उत्सुक, मग हसरा, मग एकदम पांढरा. तिनं इअरफोन काढून माझ्या हातात कोंबला. सिस्टर अगदी शांतपणे सांगत होत्या, "...आणि सूनबाई, शिलाईचा भुंगा थांबला तेव्हाच मी ओळखलं. ऐकताच आहात तर दुधाकडे बघा, करपल्याचा वास वर आलाय."

असे मजेत चालले होते दिवस, आणि औषधवाल्याची बदली झाली. लांबच्या गावी. घर सोडायचं, सामान हलवायचं, आई अर्थातच बरोबर. सिस्टरांनी हे बाबांना दुपारच्या बोलण्यात सांगितलं असावं. आम्हाला ऐकू आला तो फक्त बाबांचा शब्द, "केव्हा?" आणि मग अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केल्याचा खट् आवाज. दोन दिवस त्यांनी ते लावलं नाही. जेवले नीट नाहीत. मी कानाशी ओरडून म्हटलं, बाबा, निरोपाचं तरी बोला. म्हणाले, "जाणाऱ्या गाडीशी बोलायचं नसतं. घोषणा करायची आणि गप्प बसायचं." वरून काठीचे ठोके यायचे. हळू, थांबून थांबून. त्यांना ते ऐकू येत नव्हते आणि मला ऐकवत नव्हते. शेवटी मीच त्यांना लिहून दाखवलं, वरून ठोकतायत. त्यांनी वाचलं आणि उठून पायांत चपला घातल्या.

डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला मनाई केलीय. मी आडवा गेलो, तर मला बाजूला सारलं, जसं फलाटावर बॅग बाजूला सारतात तसं. कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांना थांबत, धापा टाकत ते वर गेले. दार उघडंच होतं, सामान बांधणं चाललं होतं. सिस्टर खोलीत माइकसमोर बसलेल्या. बाबा दारात उभे राहिले आणि आयुष्यभर ज्या आवाजानं गाड्या सोडल्या त्या आवाजात म्हणाले, "तुम्ही जाऊ नका!"

सिस्टर म्हणाल्या, "काय?"

त्यांचं मशीन 'टी'वर होतं ना! त्या बिचाऱ्या खालून आवाज येण्याची वाट बघत होत्या, आणि आवाज दारात उभा होता.

"जाऊ नका म्हणतोय!"

"कोण जाऊ नका?"

"तुम्ही! तुम्ही इथंच राहा! खाली! माझ्याकडे!"

"चाकाखाली?"

एव्हाना जिन्यात सगळी बिल्डिंग जमली होती. फाटकाजवळचा इस्त्रीवाला हातात इस्त्री घेऊन वर आला आणि दोन्ही हातांचा कर्णा करता येईना म्हणून इस्त्री औषधवाल्याच्या हातात देऊन ओरडला, "बाई, हे लग्नाचं विचारतायत!" बाबा लालबुंद झाले. (लग्न हा शब्द त्यांनी काढला नव्हता. इस्त्रीवाल्यानं आपल्याकडून घडी घातली.) पण त्यांनी नाही म्हटलं नाही. जिन्यात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, त्या दोघांखेरीज सगळ्यांना.

सिस्टर उठल्या. बाबांच्या शेजारून बाहेर पडल्या, जिना उतरून आमच्या घरात आल्या, बाबांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. बाबा मागोमाग आले, बसले, 'टी' दाबलं. सिस्टरांनी अ‍ॅम्प्लिफायर लावला, माइक अगदी ओठांशी नेला आणि कुजबुजल्या. तीन-चारच शब्द असतील. खोलीत आम्ही सगळे होतो, कुणालाही काही ऐकू आलं नाही. तुझी भाचेसून ती कॉइल हातात धरून उभी होती, पण तिनं कानाला लावली नाही. (त्याबद्दल तिला अजून पश्चात्ताप होतोय.) बाबांनी मान हलवली. तुझ्यासमोर हलवतात तशी नव्हे, खरोखर ऐकू आल्यावर हलवतात तशी. त्या वर निघून गेल्या. काय म्हणाल्या ते बाबा सांगत नाहीत. नुसते खिडकीशी बसून पेपर उलटा धरतात.

असो. एवढीच खुशाली. तू दगदग करून यावंस असं यात काही नाही. गुडघा सांभाळ. भाचेसुनेचा नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
भाचा (मोटारवाला)

ता.क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबांनी सांगितलं. त्या कुजबुजल्या होत्या ते असं: "थोरल्या बहिणीला विचारलंत का?" त्या दिवसापासून बाबा माइक हातात धरून तुझ्याशी काय बोलायचं याची तालीम करतायत, अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून. आईला तूच पसंत करून या घरात आणलं होतंस, तेव्हा हे तुला कसं विचारावं, या विचारानं त्यांची गाडी सुटत नाही. आत्या, वर दगदग करू नकोस असं लिहिलंय, ते खोडलं असं समज. ये.

दुसरा ता.क., भाचेसुनेकडून: आत्या, सा.न. ह्यांनी एवढं लिहिलं आणि मुद्द्याचं लिहिलंच नाही. सामानाचा ट्रक येत्या शनिवारी येणार आहे. तुम्ही आलात की आधी 'हो' म्हणा आणि मग हवं तितकं रागवा. उलट क्रमानं केलंत तर ट्रक निघून जाईल.

तिसरा ता.क., वेगळ्या अक्षरात: ताई, पोरानं लिहिलंय त्यातलं निम्मं खोटं आहे. जिना चढताना मी धापा टाकत नव्हतो आणि मध्ये कुठेही थांबलो नाही. बाकीचं खरं आहे. ये.